गेममधला आवाज कुठे अडतो?

संगणकावर गेम सुरू होतो. चित्र स्वच्छ दिसते, माउस आणि कीबोर्ड काम करतात, पात्रे धावतात, पण आवाज नाही. ब्राउझर उघडून गाणे लावले तर ते व्यवस्थित वाजते, म्हणजे स्पीकर बिघडलेला नाही. कधी याहून चमत्कारिक प्रकार घडतो. पाऊस ऐकू येतो, बंदुकीचा बार ऐकू येतो, पण समोरच्या पात्राचे ओठ हलत असताना शब्द मात्र येत नाहीत. कधी तासभर सुरळीत चाललेल्या गेममध्ये अचानक तडतड सुरू होते. या तिन्ही तक्रारींवर सरसकट एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. त्याने काही वेळा काम भागते, बहुतेक वेळा भागत नाही, कारण हे तिन्ही बिघाड वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. आवाज गेममधून कानापर्यंत कोणत्या टप्प्यांनी जातो हे ठाऊक असेल, तर लक्षणावरूनच बिघाडाचे ठिकाण बऱ्यापैकी अचूक ओळखता येते.

आकड्यांपासून कानापर्यंत

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. हवेच्या दाबातले चढउतार ठरावीक अंतराने मोजून लिहून ठेवतात. अशा प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरले. चित्रपट आणि आजचे बहुतेक गेम ४८,००० नमुने वापरतात. डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगळे नमुने आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट असा हिशेब धरला, तर सेकंदाला १,९२,००० बाइटांचा ओघ चालू राहावा लागतो. हा ओघ खंडला की कानाला ते तत्काळ कळते. पडद्यावरचे एखादे दृश्य सेकंदाच्या साठाव्या भागापुरते चुकले तर डोळा बहुधा दुर्लक्ष करतो. आवाजातला त्याहून कितीतरी लहान खंड मात्र ‘टक्’ असा स्पष्ट ऐकू येतो.

गाणे वाजवणे संगणकाला सोपे असते, कारण पुढे काय वाजणार हे फाइलमध्ये आधीच लिहिलेले असते. गेममध्ये तसे नसते. खेळाडू केव्हा वळेल, दार केव्हा उघडेल, गोळी केव्हा सुटेल हे कोणालाच आधी माहीत नसते. म्हणून गेममधला ध्वनी सांभाळणारा भाग, ज्याला साउंड इंजिन म्हणतात, पावले, पाऊस, संवाद, संगीत अशा अनेक आवाजांचे नमुने त्या त्या क्षणी गोळा करतो. कोणता आवाज किती दूर आहे, कोणत्या बाजूला आहे, खोलीत आहे की मोकळ्यावर, यानुसार तो आकडे कमीजास्त करतो आणि मग सगळ्यांची बेरीज करतो.

ही बेरीज ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत विंडोजच्या, हवाली होते. विंडोज तिच्यात ब्राउझरचा, ईमेलच्या सूचनेचा, चालू असलेल्या कॉलचा आवाज मिसळते. तिथून हा ओघ ड्रायव्हरकडे जातो. ड्रायव्हर हा विशिष्ट उपकरण कसे चालवायचे हे जाणणारा छोटा प्रोग्रॅम असतो. शेवटी एक चिप आकड्यांचे विजेच्या कमीजास्त दाबात रूपांतर करते, अँप्लिफायर तो वाढवतो आणि हेडफोनचा पडदा थरथरतो.

शोधाची पद्धत या वाटेवरूनच ठरते. मधला एखादा टप्पा तपासला की अर्धी वाट एकदम बाद होते. ब्राउझरमधले गाणे वाजले तर विंडोजपासून स्पीकरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि दोष गेम व विंडोज यांच्या देवाणघेवाणीत आहे. गाणेही वाजले नाही तर गेमच्या सेटिंग्जमध्ये वेळ घालवण्यात अर्थ नाही. ही एक चाचणी अर्ध्या मिनिटात होते, पण ती न करताच गेम काढून पुन्हा डाउनलोड करणारे लोक कमी नाहीत, आणि आजचे गेम शंभर जीबीच्या घरात असतात.

गेमला पत्ता सांगावा लागे तो काळ

आज ज्या मधल्या टप्प्यांचा त्रास वाटतो ते कशासाठी आले, हे कळण्यासाठी ते नव्हते तेव्हा काय होत असे हे पाहायला हवे.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत बाजारात आला. तो फ्लोरिडातल्या बोका रटोन इथे घडवला गेला होता, तोही कचेरीच्या कामासाठी. त्याच्या आतल्या छोट्या स्पीकरमधून एका वेळी एकच सूर निघे. कॅनडातल्या क्वेबेकच्या अॅडलिब कंपनीने १९८७ साली संगीतासाठी वेगळे कार्ड आणले. त्यावरची यामाहाची चिप एकाच वेळी नऊ सूर वाजवी. कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्टच्या सिएरा कंपनीने १९८८ साली ‘किंग्ज क्वेस्ट ४’ या गेमसाठी अशा कार्डांवर वाजणारे संगीत मुद्दाम रचून घेतले आणि खेळाडूंना कार्ड विकत घ्यायला कारण मिळाले. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १९८९ साली आले. त्यात अॅडलिबचीच चिप होती, शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय होती. अमेरिकेच्या बाजारात तेच प्रमाण ठरले.

डॉस या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ध्वनीची व्यवस्थाच नव्हती. प्रत्येक गेम थेट कार्डाशी बोले, आणि त्यासाठी कार्ड कुठे आहे हे गेमला सांगणे खेळाडूच्या अंगावर पडे. टेक्ससमधल्या मेस्क्विट इथल्या इड सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ प्रसिद्ध केला. त्याच्याबरोबर सेटअपचा वेगळा प्रोग्रॅम होता. कार्ड कोणते, त्याचा पोर्ट कोणता, आयआरक्यू कितवा, डीएमए कितवा, एकाच वेळी किती आवाज मिसळायचे, अशी प्रश्नावलीच तो पुढे ठेवी. ही उत्तरे संगणकाच्या सुरुवातीच्या फाइलमधल्या एका ओळीतही लिहून ठेवत. ती ओळ साधारण अशी असे:

सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६

या ओळीतल्या प्रत्येक अक्षराला अर्थ आहे आणि प्रत्येक चुकीचे लक्षण निराळे आहे. ‘ए२२०’ हा पोर्ट, म्हणजे ज्या पत्त्यावर हुकूम पाठवायचे तो पत्ता. तो चुकला तर गेमला कार्ड सापडतच नाही. ‘डी१’ हा डीएमए चॅनेल. या मार्गाने आवाजाचे आकडे प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून थेट कार्डाकडे जातात. तो चुकला तर कार्ड सापडते, पण वाजत काही नाही किंवा निव्वळ खरखर येते. ‘आय५’ हा आयआरक्यू, म्हणजे दिलेला तुकडा वाजवून झाला, पुढचा द्या, असा निरोप कार्ड ज्या तारेवरून प्रोसेसरला देते ती तार. तिचा क्रमांक चुकला तर पहिला तुकडा वाजतो, निरोप मात्र पोचत नाही. मग आवाज तिथेच थांबतो, तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजत राहतो, किंवा निरोपाची वाट पाहत गेम गोठून जातो. ‘एच५’ हा सोळा बिटांच्या आवाजासाठीचा डीएमए चॅनेल आणि ‘टी६’ म्हणजे कार्डाचा प्रकार, साउंड ब्लास्टर १६.

सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरचा आयआरक्यू कारखान्यातून ७ ठेवलेला असे, आणि पहिल्या प्रिंटरच्या पोर्टलाही ७ हाच क्रमांक नेमलेला होता. एकाच तारेवर दोघे आले की कधी आवाज अडे, कधी छपाई. कार्डावरची इवलीशी टोपी, तिला जंपर म्हणत, उपसून दुसऱ्या पिनांवर बसवली की क्रमांक ५ होई आणि भांडण मिटे.

हे ज्ञान अजून कामाला येते. जुने गेम आज डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये चालवतात. तो जुन्या संगणकाची आणि साउंड ब्लास्टरची हुबेहूब नक्कल करतो. त्यात पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ ही मांडणी आधीपासून असते, म्हणून गेमच्या सेटअपमध्ये ७ हाच क्रमांक द्यावा लागतो. सवयीने ५ दिला तर तीस वर्षांपूर्वीचे तेच लक्षण दिसते. डॉसबॉक्समध्ये वेगाची सेटिंगही असते आणि आवाजाशी तिचा थेट संबंध आहे. नक्कल करायचा वेग खऱ्या प्रोसेसरला न झेपण्याइतका वाढवला तर आवाज तुटतो. उलट, काही जुने गेम कार्डाला उत्तर द्यायला किती वेळ द्यायचा हे प्रोसेसरच्या वेगावरून धरून चालत. जास्त वेगात त्यांना कार्ड बंद असल्याचा भास होतो. तिथे वेग कमी करणे हाच उपाय.

विंडोज मध्ये आली

विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने गेम लिहिणाऱ्यांसाठी डायरेक्टएक्स हा संच दिला. त्यातल्या डायरेक्टसाउंडमुळे गेमला कार्डाचा पत्ता माहीत असण्याची गरज उरली नाही. गेम विंडोजला सांगे, विंडोज ड्रायव्हरला. प्रश्नावल्या संपल्या.

पण गेमला कार्डाच्या खास करामती थेट वापरण्याची मुभा राहिली होती, आणि १९९८च्या सुमारास या करामतींना बहर आला. क्रिएटिव्हचे ईएएक्स तंत्र दगडी दालन, बोगदा, मोकळे मैदान यांतला घुमारा कार्डावरच तयार करी. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ऑरियल कंपनीचे ए३डी तंत्र आवाज भिंतींवर आपटून कसा परतेल याचे गणित करी. मॅसॅच्युसेट्समधल्या लुकिंग ग्लास स्टुडिओजचा ‘थीफ’ हा गेम त्याच वर्षीचा. त्यात अंधारात दबकून उभे राहून पहारेकऱ्याची पावले ऐकणे हाच खेळाचा गाभा आहे, त्यामुळे हे घुमारे तिथे सजावटीपुरते नव्हते. क्रिएटिव्ह आणि ऑरियल यांच्यात पेटंटवरून खटला झाला. ऑरियल जिंकली, पण खर्चाने बुडाली, आणि २००० साली तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच घेतली.

विंडोज व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोचली आणि तिने हा थेट रस्ता बंद केला. ध्वनीची बरीचशी यंत्रणा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून बाहेर काढून साध्या प्रोग्रॅमच्या पातळीवर आणली गेली. कारण रास्त होते. ध्वनीच्या ड्रायव्हरमधली चूक गाभ्यात घडली तर अख्खा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडे. बाहेर घडली तर फक्त आवाज जातो आणि ती यंत्रणा पुन्हा सुरू करता येते. प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमीजास्त करण्याची सोयही याच बदलातून मिळाली. जुन्या गेमच्या चाहत्यांना राग आला, तरी हा निर्णय योग्यच होता.

त्याची किंमत अशी, की ‘थीफ’च्या काळातला गेम नव्या विंडोजवर चालवला तर आवाज येतो, पण सपाट येतो. घुमारा नसतो, मागचे-पुढचे कळत नाही. काही गेममध्ये ध्वनीच्या यादीतला तो पर्यायच पुसट दिसतो. दोष हेडफोनचा नाही आणि गेमच्या फायलींचाही नाही. क्रिएटिव्हने यासाठी अल्केमी नावाचा प्रोग्रॅम दिला. तो गेमच्या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवतो, आणि गेमने डायरेक्टसाउंडला दिलेले हुकूम ती फाइल मधल्या मध्ये पकडून ओपनएएल या दुसऱ्या व्यवस्थेकडे वळवते. क्रिएटिव्हचे कार्ड नसलेल्यांसाठी तेच काम करणारी मोफत साधनेही आहेत.

पूर्ण शांतता

आजच्या संगणकात आवाज बाहेर पडण्याच्या वाटाच फार झाल्या आहेत. हेडफोनचे छिद्र, यूएसबी हेडसेट, ब्लूटूथ आणि एचडीएमआयच्या केबलमधून मॉनिटर, इतक्या वाटा एका साध्या लॅपटॉपला असतात. मॉनिटरला स्पीकर नसला तरी विंडोजला तो ध्वनीचे उपकरण म्हणून दिसू शकतो. प्लेस्टेशनचा कंट्रोलर यूएसबीने जोडला तर तोसुद्धा ध्वनीचे उपकरण म्हणून हजर होतो. नवे उपकरण जोडले की विंडोज पुष्कळदा त्यालाच मुख्य मानते, आणि गेमचा आवाज निमूटपणे कंट्रोलरच्या आत जाऊन बसतो.

जुन्या आणि काही नव्या गेमची अडचण वेगळी असते. गेम सुरू होताना जे उपकरण मुख्य असेल तेच तो धरून ठेवतो. मध्येच हेडफोन लावला तर ब्राउझर नव्या वाटेने वाजू लागतो, गेम मात्र जुन्याच वाटेला आकडे पाठवत राहतो. गेम बंद करून पुन्हा सुरू करणे हा यावरचा उपाय आहे आणि त्यामागे हे एवढे साधे कारण आहे.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये साउंड आणि त्यात व्हॉल्यूम मिक्सर असतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची पट्टी तिथे दिसते. २०१८पासून प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळे उपकरण निवडण्याची सोयही तिथेच आहे. एकदा तिथे जुन्या हेडसेटचे नाव निवडले गेले असेल तर विंडोज ती निवड महिनोन् महिने लक्षात ठेवते. गेम चालू ठेवूनच हा मिक्सर उघडावा. त्याची पट्टी हलताना दिसत असेल तर गेम आवाज देतो आहे, तो चुकीच्या वाटेने जातो आहे. पट्टी निश्चल असेल तर गेमकडूनच काही येत नाही. या एका निरीक्षणाने पुढचा निम्मा शोध वाचतो.

कॉल सुरू झाला की गेमचा आवाज एकदम खाली जातो, हीसुद्धा नेहमीची तक्रार. न्यू जर्सीतली मुले पुण्यातल्या चुलतभावंडांशी बोलत बोलत खेळतात, त्यांच्या घरी ती हमखास ऐकू येते. विंडोज ७पासून अशी व्यवस्था आहे, की संभाषण चालू असल्याचे कळले की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे. हा बिघाड नव्हे. ध्वनीच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये कम्युनिकेशन्स या भागात ‘काहीही करू नये’ असा पर्याय निवडला की ते थांबते. माइक चालतच नसेल तर गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये प्रोग्रॅमना माइक वापरण्याची परवानगी आहे का ते आधी पाहावे. ती नाकारलेली असली की माइक पूर्ण शाबूत असूनही गेमला शांतताच ऐकू येते.

संवाद तेवढे गायब

सगळ्यांत बुचकळ्यात टाकणारा बिघाड हा आहे आणि त्याचे कारण सुरेख आहे.

चित्रपटगृहातल्या मांडणीवरून घेतलेल्या ५.१ या पद्धतीत सहा चॅनेल असतात: पुढचे डावे आणि उजवे, मागचे दोन, खर्जासाठी एक आणि पडद्याच्या मधोमध एक. बोलणारे पात्र बहुधा पडद्यावर समोर असते, म्हणून संवाद मधल्या चॅनेलमध्ये ठेवतात. आता विंडोजमध्ये चुकून ५.१ निवडलेले आहे आणि प्रत्यक्षात दोन कानांचा साधा हेडफोन लावला आहे असे समजा. गेम विंडोजला विचारतो, स्पीकर किती? उत्तर येते, सहा. गेम संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवतो. तो स्पीकर अस्तित्वातच नाही. पाऊस, पावले, बार डावी-उजवीकडे असल्यामुळे ऐकू येतात, शब्द हरवतात. स्पीकरच्या मांडणीत स्टिरिओ निवडून गेम पुन्हा सुरू केला की पात्रे बोलू लागतात.

हेच लक्षण एका निव्वळ यांत्रिक कारणानेही दिसते. हेडफोनच्या पिनेवर टोकापासून क्रमाने डावा, उजवा आणि दोघांना सामाईक परतीचा असे तीन धातूचे पट्टे असतात. पिन अर्धवट बसली तर परतीचा पट्टा कशालाच टेकत नाही. मग वीज डाव्या कानातून शिरते आणि परतीचा रस्ता नसल्याने उजव्या कानातून उलटी बाहेर पडते. दोन्ही कानांना ऐकू येतो तो डाव्या-उजव्यातला फरक. जे दोन्हीकडे सारखे आहे ते वजाबाकीत शून्य होते, आणि संवाद दोन्हीकडे सारखेच असतात. संगीत पोकळ, दूरचे वाटते आणि बोलणे नाहीसे होते. पिन थोडी बाहेर ओढून पुन्हा घट्ट दाबली की दोन सेकंदांत निकाल लागतो, म्हणून सेटिंग्जना हात लावण्याआधी हे करावे. लॅपटॉपच्या छिद्रात साचलेली धूळ आणि खिशातला कापूस पिनेला पूर्ण आत जाऊ देत नाही, हेही अनेकदा आढळते.

दोन्ही शक्यता बाद झाल्या तर सबटायटल चालू करावीत. शब्द पडद्यावर नेहमीच्या गतीने येत असतील तर आवाज पुढे कुठेतरी हरवतो आहे. शब्द झर्रकन बदलत असतील तर संवादाची फाइलच नाही आणि गेम ती वगळून पुढे जातो आहे. भाषेचा संच अर्धवट डाउनलोड झाला की असे होते. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीमवर गेमच्या फायली पडताळण्याची सोय आहे. ती प्रत्येक फाइलवरून काढलेला आकडा मूळ फाइलच्या आकड्याशी ताडून पाहते आणि जी जुळत नाही तेवढीच पुन्हा आणते. अख्खा गेम काढण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

दिशा चुकीची कळते, ही तक्रारही याच घराण्यातली. आवाज उजवीकडून आला तर तो डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिराने पोचतो. डोके मध्ये असल्यामुळे त्याचे उंच स्वर थोडे दबतात, कानाच्या पाळीच्या घड्यांनी त्यात आणखी बदल होतो. मेंदू यावरून दिशा ठरवतो. गेम हेच बदल गणिताने करून दोन कानांच्या हेडफोनमध्ये मागचे-पुढचे भासवू शकतो. ब्लिझर्डच्या ‘ओव्हरवॉच’ने २०१६ साली डॉल्बी अॅटमॉस वापरून ते केले, आणि विंडोजमध्ये २०१७पासून विंडोज सोनिक नावाने तशीच सोय आहे. घोटाळा होतो तो दोन किंवा तीन ठिकाणी हे गणित एकदम चालू असले की. गेमने एकदा डोक्याची सावली घातलेली असते, त्यावर विंडोज पुन्हा घालते, हेडसेटचा प्रोग्रॅम तिसऱ्यांदा घालतो, आणि पावले सगळीकडून एकसारखी गढूळ ऐकू येतात. यांपैकी एकाच ठिकाणचे गणित चालू ठेवावे. स्पर्धात्मक गेममध्ये ते गेमचे स्वतःचे असावे, कारण पाऊल नेमके कुठे पडले हे फक्त गेमलाच ठाऊक असते.

तडतड आणि तुटकपणा

गेम आवाजाचे आकडे एकेक करून देत नाही, तुकड्यांनी देतो. मध्ये थोडा साठा करून ठेवलेला असतो, त्याला बफर म्हणतात. इमारतीच्या गच्चीवरची टाकी जे काम करते तेच तो करतो. नगरपालिकेचे पाणी थांबत थांबत येते, पण टाकीत साठा असेपर्यंत घरातला नळ सलग वाहतो. टाकी लहान असली आणि पाणी यायला जरा उशीर झाला की नळ फुरफुरतो. टाकी फार मोठी असली तर नळ कधी अडत नाही, मात्र आज भरलेले पाणी उद्या हाती येते.

विंडोजमध्ये हा तुकडा सहसा सेकंदाच्या शंभराव्या भागाचा असतो, म्हणजे ४८,०००च्या हिशेबाने प्रत्येक कानासाठी ४८० नमुने. तेवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार नसेल तर मध्ये शून्य वाजते आणि ‘टक्’ ऐकू येते. वारंवार झाले की ती तडतड. साठा वाढवला तर तडतड थांबते, पण बंदुकीचा चाप ओढल्यावर बार उशिरा ऐकू येतो. गेम लिहिणाऱ्यांना या दोन टोकांच्या मध्ये उभे राहावे लागते आणि सिनेमा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला असते तशी चैन त्यांना परवडत नाही.

तुकडा वेळेवर तयार न होण्याची कारणे अनेक. प्रोसेसर शंभर टक्के कामात असेल तर ध्वनीच्या वाट्याला वेळ उरत नाही. गेमच्या चित्राचा वेग साठ दृश्यांवर मर्यादित ठेवला की प्रोसेसरला उसंत मिळते आणि तडतड पुष्कळदा थांबते. चित्राच्या सेटिंगने आवाज सुधारतो हे नवलाचे वाटते, पण दोघेही एकाच प्रोसेसरवर जगतात. प्रोसेसर मोकळा असूनही तडतड होत असेल तर संशयित म्हणजे दुसराच एखादा ड्रायव्हर. वायफायचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरतो, आणि तेवढ्यात टाकी रिकामी होते. लेटन्सीमॉन नावाचे साधन कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते दाखवते. वायफाय तात्पुरते बंद करून तडतड थांबते का पाहणे ही त्याहून सोपी चाचणी.

नमुन्यांचा वेग न जुळणे हेही एक कारण आहे. उपकरण १,९२,००० नमुन्यांवर लावलेले असेल आणि गेम ४८,०००चे आकडे देत असेल तर विंडोजला मधले आकडे घडवत बसावे लागते. काही गेम तर इतका वेग ऐकूनच गप्प होतात. उपकरणाच्या गुणधर्मांत २४ बिट, ४८,००० हर्ट्झ निवडले तर ऐकण्यात काही कमी होत नाही. नमुन्यांच्या निम्म्या संख्येइतक्या कंपनांपर्यंतचा सूर पकडता येतो हे बेल लॅब्जमधल्या हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या कामातून केव्हाच स्पष्ट झाले आहे. ४८,०००ची निम्मी संख्या २४,०००, आणि तरुण कानाची मर्यादा २०,०००च्या आसपास असते.

ब्लूटूथ आणि माइक

ब्लूटूथ हेडफोनवर गाणे छान वाजते, गेमही छान वाजतो, आणि मित्राशी बोलण्यासाठी माइक चालू केला की सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा दबका होतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये आवाजासाठी दोन वेगळे करार आहेत. एक करार फक्त ऐकण्याचा, दोन्ही कानांना भरघोस आवाज देणारा. दुसरा दुतर्फी बोलण्याचा, फोनसाठी केलेला, ज्यात दोन्ही कानांना एकच आवाज सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांनी जातो. माइक उघडला की हेडफोन पहिला करार सोडून दुसऱ्यावर येतो. ८,०००ची निम्मी संख्या ४,०००. त्यावरचे सगळे स्वर कापले जातात, आणि पावलांची चाहूल, काचेचा खळ्ळकन आवाज त्याच कापलेल्या भागात असतो.

गेममध्ये आणि बोलण्याच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक किंवा वेगळा यूएसबी माइक निवडला की हेडफोन पहिल्या करारावरच राहतो. फुकटातला आणि बहुतेकांना पुरेसा उपाय हाच आहे. ब्लूटूथ एलई ऑडिओ ही नवी पद्धत २०२० साली जाहीर झाली. तिच्यात ही अडचण मुळातच दूर करता येते, पण त्यासाठी संगणक आणि हेडफोन दोघेही नव्या पद्धतीचे असावे लागतात.

उशिराचा प्रश्न वेगळा. जुन्या ब्लूटूथमध्ये आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडून ऐकू येईपर्यंत दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज जातात. चित्रपट दाखवणारा प्रोग्रॅम चित्रही तेवढेच मागे ठेवून मेळ घालतो. गेमला चित्र मागे ठेवता येत नाही. त्यामुळे ताल धरून खेळायच्या गेमसाठी तारेचा हेडफोन किंवा स्वतःचा छोटा यूएसबी रिसीव्हर असलेला बिनतारी हेडसेट घ्यावा.

चौकट: लक्षणावरून ठिकाण

गेम मुका, ब्राउझर वाजतो: व्हॉल्यूम मिक्सर आणि गेममधले ध्वनीचे उपकरण पाहावे.
दोन्ही मुके: मुख्य उपकरण, पिन, ड्रायव्हर या क्रमाने तपासावे.
संवाद नाहीत, बाकी सगळे आहे: आधी पिन, मग स्टिरिओची मांडणी, मग फायलींची पडताळणी.
तडतड: प्रोसेसरचा भार, वायफायचा ड्रायव्हर, नमुन्यांचा वेग.
माइक उघडताच आवाज दबका: ब्लूटूथचा दुतर्फी करार.
जुना गेम सपाट वाजतो: डायरेक्टसाउंडचा बंद झालेला थेट रस्ता.

वीज, केबल आणि चिप

गेम थांबवल्यावरही कानात एकसुरी गुणगुण राहत असेल तर सॉफ्टवेअरचा संबंध संपतो. अमेरिकेत घरातल्या विजेची सेकंदाला ६० आवर्तने होतात, भारतात ५०. ही गुणगुण त्याच सुराची किंवा त्याच्या पटीतली असते. संगणक आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असले, तर त्यांच्या जमिनीच्या तारांमधला फरक ध्वनीच्या केबलमधून वाहतो. दोन्ही एकाच पट्टीवर जोडले की गुणगुण बहुधा जाते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबते का, हेही पाहावे. माउस हलवताना किंवा चित्र बदलताना चिरचिर ऐकू येत असेल, तर संगणकाच्या आतल्या विजेचा गोंगाट ध्वनीच्या चिपपर्यंत पोचतो आहे. पुढच्या छिद्राऐवजी मदरबोर्डच्या मागच्या हिरव्या छिद्रात पिन लावल्याने तो कमी होतो, कारण पुढच्या छिद्राची तार सगळ्या गोंगाटातून फिरून आलेली असते.

ड्रायव्हर पुन्हा टाकण्याची पाळी येते ती इथे. डिव्हाइस मॅनेजरमधून ध्वनीचे उपकरण काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज आपला सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते. त्यावर आवाज आला तर चिप शाबूत आहे आणि दोष आधीच्या ड्रायव्हरमध्ये होता. तरीही शांतता असेल तर यूएसबीला लावायचे छोटे ध्वनी अडॅप्टर जोडून पाहावे. त्यात आकड्यांची वीज करणारी चिप आणि अँप्लिफायर दोन्ही स्वतंत्र असतात, त्यामुळे मदरबोर्डवरचा ध्वनीचा सगळा भाग टाळला जातो. त्यातून आवाज आला म्हणजे मदरबोर्डची चिप किंवा छिद्र निकामी आहे. दुरुस्तीचा खर्च करण्याची गरज नाही, ते अडॅप्टर तसेच लावून ठेवले तरी चालते.